एका बंधुमंडळाचे मानकरी

यंदाच्या स्मरणिकेसाठी ‘आपल्या ज्ञातीतील नररत्ने’ ह्या विषयावर चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. जुने अंक काढून पाहिले. त्यांतून तीच दहा-बारा नावे आणि तीच छायाचित्रे फिरून फिरून भेटली. तेव्हा चिटणीसांची परवानगी मागून, आपल्याशी काडीचाही संबंध नसलेल्या एका बंधुमंडळाच्या मानकऱ्यांविषयी लिहावयाचे ठरविले. ते मंडळ म्हणजे फ्रीमेसन लोकांचे. आपल्याकडे सामान्य जन त्यांच्या लॉजला ‘जादूघर’ म्हणत. दारे लावून आत काहीतरी मंत्रतंत्र चालतो असा लोकांचा समज होता.

वस्तुतः मूळ पाहू गेल्यास हा गवंड्यांचा संघ. गुण्या, कर्कटक, ओळंबा आणि थापी हीच त्यांची चिन्हे. पुढे ज्यांनी जन्मात दगड घडविला नाही असे सरदार, वैद्य, पाद्री त्यात शिरले आणि हत्यारे केवळ खुणेपुरती उरली. इ. स. १७१७ मध्ये लंडनमधील चार लॉज एकत्र येऊन मध्यवर्ती लॉज स्थापन झाले असे परंपरा सांगते. १७२३ साली जेम्स अँडरसन ह्याने तयार केलेले नियमांचे पुस्तक छापून निघाले. कोणत्याही एका पंथाचा आग्रह न धरता सज्जन व सचोटीच्या पुरुषांस प्रवेश द्यावा, असे त्यात म्हटले आहे. परंतु त्याच पुस्तकात, गुलाम आणि स्त्रिया ह्यांस प्रवेश नाही, असेही स्पष्ट लिहिले आहे. वाचकांनी हे कलम ध्यानात ठेवावे; लेखाच्या शेवटी त्याचे काम पडणार आहे.

मानकऱ्यांची यादी मोठी झगमगीत आहे. बेंजामिन फ्रँकलिन १७३१ साली फिलाडेल्फियात सभासद झाला व तीन वर्षांनी त्याने आपल्या छापखान्यात अँडरसनचे पुस्तक पुन्हा छापले. जॉर्ज वॉशिंग्टनने १७५२ साली, विसाव्या वर्षी, व्हर्जिनियात दीक्षा घेतली; १७९३ मध्ये अमेरिकेच्या संसदगृहाची कोनशिला बसविताना तो मेसन लोकांचा एप्रन बांधून उभा होता. फ्रान्सचा वृद्ध व्होल्टेअर ७ एप्रिल १७७८ रोजी, म्हणजे मरणापूर्वी दोन महिनेही उरले नव्हते तेव्हा, फ्रँकलिनच्या हाताचा आधार घेऊन पॅरिसच्या लॉजमध्ये प्रवेशला. संगीतकार मोझार्टने डिसेंबर १७८४ मध्ये व्हिएन्नात दीक्षा घेतली. ही नावे अशा प्रत्येक यादीत असतात व असावीतही. परंतु ज्या नावाजवळ माझे मन अडकून राहिले ते बहुतेक याद्यांत नसते.

व्हिएन्नातच ‘खरे ऐक्य’ अशा अर्थाच्या नावाचे एक लॉज होते. इग्नाझ फॉन बॉर्न हा नामांकित शास्त्रज्ञ त्याचा प्रमुख होता. संगीतकार हायडनने १७८५ साली तेथेच दीक्षा घेतली. ह्याच लॉजमध्ये अँजेलो सोलिमान नावाचा एक आफ्रिकी गृहस्थ होता. बालपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा मनुष्य बुद्धीच्या बळावर वर आला, अनेक भाषा शिकला आणि लिख्टेनस्टाइनच्या राजघराण्यातील मुलांचा शिक्षक झाला. म्हणजे आमच्याच धंद्याचा म्हणावयाचा. लॉजमध्ये तो मोठमोठ्या विद्वानांच्या मांडीला मांडी लावून बसे. १७९६ साली तो वारला. त्यानंतर सम्राटाच्या संग्रहालयाने त्याचे कातडे काढून त्यात पेंढा भरला, अंगावर पिसे व कवड्या चढविल्या आणि रानटी मनुष्याचा नमुना म्हणून लोकांस दाखविण्यासाठी उभा केला! त्याची मुलगी योझेफिन हिने बापाचा देह दफनासाठी परत मिळावा म्हणून विनवण्या केल्या. त्या व्यर्थ गेल्या. १८४८ च्या बंडाळीत आग लागली तेव्हाच त्या देहाची विटंबना संपली. त्या राज्यातील सर्व लॉज सोलिमानच्या मृत्यूपूर्वीच सरकारी हुकुमाने बंद पडले होते, हे खरे. तरी पण बंधू म्हणविणारे कित्येक गृहस्थ त्या शहरात हयात असलेच पाहिजेत.

अमेरिकेतील प्रिन्स हॉल ह्या कृष्णवर्णी पुढाऱ्याने निराळा मार्ग धरला. गोऱ्यांची दारे बंद आहेत असे पाहून त्याने व त्याच्या सोबत्यांनी १७८४ साली थेट लंडनहून सनद मिळविली आणि बोस्टनमध्ये स्वतःचे आफ्रिकन लॉज चालविले.

आता आपल्या मुंबईकडे वळू. माणेकजी कर्सेटजी हे पारशी गृहस्थ. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेने त्यांस प्रथम नाकारले होते व १८४० मध्ये आपले पहिले हिंदी सभासद करून घेतले, इतकी माहिती त्यांच्या चिकाटीची ओळख पटण्यास पुरे आहे. मुंबईच्या इंग्रजी लॉजने त्यांस घेतले नाही. ते विलायतेस गेले, तेथेही दार उघडले नाही. अखेर पॅरिसमध्ये त्यांस दीक्षा मिळाली. दीक्षा घेऊन परत आले तरी मुंबईतील बंधू त्यांस आपल्यात बसवून घेण्यास तयार होईनात! तेव्हा कंपनी सरकारच्या नोकरीतील डॉ. जेम्स बर्न्स पुढे आले. काबूलमध्ये १८४१ साली मारल्या गेलेल्या अलेक्झांडर बर्न्सचे हे बंधू. भावाचा असा अंत होऊन दोनच वर्षे झाली असता, डिसेंबर १८४३ मध्ये त्यांनी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज हिंदी लोकांसाठी उघडले. त्यात पारशी आणि मुसलमान गृहस्थ आले; ज्याने त्याने आपापल्या धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यावी असे ठरले. पुढे प्राच्यविद्येचे प्रसिद्ध अभ्यासक खरशेदजी रुस्तमजी कामा हे ह्याच लॉजमधून नावारूपास आले. माणेकजींनी १८६३ मध्ये मुंबईत मुलींसाठी अलेक्झांड्रा इंग्रजी शाळा काढली. स्वतः दाराबाहेर उभे राहिलेल्या मनुष्यास दुसऱ्या कोणासाठी दार उघडावे, हे सुचले असावे असे आपले मला वाटते.

येथे थोडे विषयांतर करतो; वाचक क्षमा करतील. माझ्या नोकरीच्या काळात वर्गात एक हुशार मुलगा होता. त्याच्या वडिलांच्या ज्ञातीच्या वसतिगृहात त्यास जागा मिळावी म्हणून मी शिफारसपत्र दिले. आई परज्ञातीची म्हणून अर्ज नामंजूर झाला. मुलगा एका दुकानाच्या माळ्यावर राहून शिकला व पुढे मोठा इंजिनियर झाला. कित्येक वर्षांनी त्याच संस्थेच्या स्मरणिकेत ‘आमची भूषणे’ ह्या सदरात त्याचे छायाचित्र माझ्या पाहण्यात आले. संस्थेचे नाव घेत नाही; आपली नव्हे, एवढेच सांगतो. असो.

बंगालमध्ये हिंदूंची वाट अधिक बिकट होती. अनेक देव मानणारा मनुष्य एका विश्वनिर्मात्याची शपथ कशी घेणार, हा आक्षेप. शिवाय प्रांतप्रमुखाच्या संमतीवाचून आशियाई मनुष्याचे नाव सुचवूच नये, असा तेथील नियम. प्रसन्नकुमार दत्त ह्यांनी १८६३ मध्ये अर्ज केला आणि १८७२ मध्ये कलकत्त्याच्या ‘अँकर अँड होप’ लॉजमध्ये त्यांस प्रवेश मिळाला. नऊ वर्षे! बारा वर्षांनंतर, १९ फेब्रुवारी १८८४ रोजी, ह्याच लॉजमध्ये एकवीस वर्षांचा नरेंद्रनाथ दत्त हा तरुण सभासद झाला. सहाच दिवसांनी त्याचे वडील वारले व घरावर दारिद्र्य कोसळले. हाच तरुण पुढे स्वामी विवेकानंद म्हणून जगास ठाऊक झाला.

मुंबईत जन्मलेला रड्यार्ड किपलिंग १८८६ साली लाहोरच्या लॉजमध्ये दाखल झाला. त्या लॉजवर त्याने एक कविताही लिहिली आहे. निरनिराळ्या धर्मांचे बंधू तेथे शेजारी बसतात, पण कोणाची जात बाटेल ह्या भीतीने एकत्र जेवण मात्र घालता येत नाही, असे तीत म्हटले आहे. साम्राज्याचा अभिमान मिरविणाऱ्या ह्या कवीवर माझे फारसे प्रेम नाही. परंतु आपल्या पंक्तीवर त्याने बरोबर बोट ठेवले, हे नाकारता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर २४ नोव्हेंबर १९६१ रोजी दिल्लीत भारताचे स्वतंत्र मध्यवर्ती लॉज स्थापन झाले व रामपूरचे नवाब रझा अली खान त्याचे पहिले प्रमुख झाले.

राहिले ते १७२३ चे कलम. गुलामांचा उल्लेख काळाबरोबर मागे पडला, स्त्रियांचा राहिला. १८८२ साली पॅरिसजवळच्या एका लॉजने मारिया देरेम ह्या विदुषीस दीक्षा दिली, तेव्हा वरिष्ठांनी त्या लॉजवरच कारवाई केली. बाईंनी अकरा वर्षे वाट पाहिली आणि १८९३ मध्ये स्त्रीपुरुषांसाठी मिळून निराळे मंडळ काढले. १९०२ साली त्या मंडळाची दीक्षा पॅरिसमध्ये ॲनी बेझंट ह्यांनी घेतली व लवकरच काशीमध्ये त्याचे लॉज उघडले. त्यात स्त्रिया आणि पुरुष, हिंदी आणि युरोपीय, एकत्र बसू लागले.