सहीमागची सही

एका देशातल्या अधिकाऱ्याची सही दुसऱ्या देशातल्या अधिकाऱ्याला ओळखता येत नाही. परदेशी वापरायच्या कागदपत्रांच्या प्रमाणीकरणाची सारी व्यवस्था या एका अडचणीतून उभी राहिली आहे. रत्नागिरीच्या नगरपरिषदेने दिलेल्या जन्मदाखल्याबद्दल रत्नागिरीत सहसा कोणी शंका घेत नाही, कारण तिथे तो शिक्का ओळखीचा असतो. तोच दाखला लिस्बनच्या किंवा मस्कतच्या कचेरीत पोचला, की शिक्का खरा आहे का आणि सही करणाऱ्याला तसा अधिकार होता का, हे सांगणारे तिथे कोणी नसते. यावर इतिहासात मुख्यतः दोन उपाय निघाले. ओळखीच्या माणसाने अनोळखी सहीची हमी द्यायची, हा एक. कागद मूळ दप्तराशी ताडून पाहायचा, हा दुसरा. देशादेशांच्या व्यवहारात पहिलाच उपाय शतकानुशतके चालला. दुसरा अधिक भरवशाचा असूनही अंतरामुळे फार उशिरा शक्य झाला.

मराठी मुलखाला हे दोन्ही उपाय परिचयाचे होते. शिवकालीन राजपत्रांच्या माथ्यावर मुद्रा असे आणि मजकूर संपला तिथे मर्यादामुद्रा उमटवली जाई. त्या शेवटच्या मुद्रेखाली कोणी ओळ वाढवली, तर ती उघड दिसे. वतनाच्या तंट्यांत गोतसभेचा निवाडा महजरावर लिहिला जाई आणि हजर असलेले लोक त्यावर आपली साक्ष घालीत. लिहिता न येणारा पाटील नांगराची निशाणी काढी. त्या निशाणीला पंचक्रोशीत पूर्ण मान होता, कारण ती कोणाची हे सगळ्यांना ठाऊक असे.

राज्य बदलले तेव्हा ही ओळख पुरेना. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि आधीच्या सत्तांनी दिलेल्या इनामांच्या सनदा नव्या सरकारपुढे आल्या. मुंबई सरकारने त्यांची चौकशी आरंभली आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला त्यासाठी अधिकार मिळाले. सनदेवर शिक्का आहे, एवढ्यावर ही चौकशी थांबत नसे. त्या इनामाची नोंद पुण्याच्या पेशवे दप्तरातल्या हिशेबांत सापडते का, हेही पाहिले जाई. कागद पिढ्यानपिढ्या जपूनही अनेक घराण्यांची इनामे गेली आणि दक्षिण महाराष्ट्रात त्याचा मोठा असंतोष माजला. एका राजवटीचा कागद दुसऱ्या राजवटीपुढे सिद्ध करणे किती जड जाते, याचे महाराष्ट्राच्या इतिहासातले हे ठळक उदाहरण आहे. फक्त इथे कागद जागेवरच राहिला आणि राज्य बदलले. परदेशी जाणाऱ्या कागदाचे उलट होते.

युरोपात हमी देण्याचे काम नोटरीकडे आले. तेराव्या शतकात बोलोन्या हे या विद्येचे मोठे केंद्र होते आणि तिथल्या रोलान्दिनोने लिहिलेला नोटरीकलेचा ग्रंथ पुढे दीर्घकाळ पाठ्यपुस्तक म्हणून वापरात राहिला. प्रत्येक नोटरीची हाताने रेखलेली स्वतंत्र खूण असे. इंग्लंडमध्ये नोटरी नेमण्याचा अधिकार मुळात पोपचा होता. आठव्या हेन्रीने रोमशी संबंध तोडल्यावर १५३३ च्या कायद्याने तो कँटरबरीच्या आर्चबिशपकडे आला, आणि इंग्लंडमधल्या नोटरींची नेमणूक आजही त्याच्याच फॅकल्टी ऑफिसातून होते. समुद्रव्यापार वाढला तसे मुखत्यारपत्र, न वटलेल्या हुंडीची नोंद, जहाजाच्या नुकसानीचे निवेदन असे कागद एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाऊ लागले. बंदरातले नोटरी परदेशी व्यापाऱ्यांच्या ओळखीचे असत, पण आतल्या गावातल्या नोटरीला परदेशात कोण ओळखणार?

त्यातून साखळी तयार झाली. गावच्या नोटरीच्या सहीवर वरच्या न्यायालयाने किंवा अधिकाऱ्याने सही करायची, त्याच्या सहीवर राज्याच्या खात्याने, खात्याच्या सहीवर परराष्ट्र मंत्रालयाने, आणि शेवटी ज्या देशात कागद जायचा त्या देशाच्या वकिलातीने. वकिलातीतल्या कॉन्सलकडे मंत्रालयातल्या अधिकाऱ्यांच्या सह्यांचे नमुने असत आणि कॉन्सलची सही त्याच्या स्वतःच्या देशात ओळखीची असे. अशा रीतीने अनोळखी सही पायरीपायरीने ओळखीच्या सहीला जोडली जाई. या पद्धतीला लीगलायझेशन म्हणतात. तिचे एक वैशिष्ट्य नेहमी दुर्लक्षिले जाते. साखळीतला प्रत्येक जण आपल्या आधीच्या सहीपुरतीच हमी देत असे. कागदातला मजकूर खरा आहे, असे त्यातले कोणीही म्हणत नसे. खोट्या माहितीवर मिळवलेला दाखलाही साऱ्या शिक्क्यांनिशी परदेशात पोचू शकत असे, आणि खऱ्या दाखल्याच्या धन्याला मात्र प्रत्येक पायरीवर फी, हेलपाटे आणि दिवस मोजावे लागत. याचा सर्वांत जास्त भार दूरच्या गावातल्या साध्या माणसावर पडे.

भारतात इंग्रजी अमलाने ही पद्धत कायद्यात आणली. परदेशी सरकारी कागदाची प्रत न्यायालयात कशी सिद्ध करायची, हे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ७८ व्या कलमात होते. नोटरीच्या किंवा आपल्या कॉन्सलच्या शिक्क्याचे प्रमाणपत्र त्यासाठी लागे. नोटरीसमोर किंवा कॉन्सलसमोर केलेले मुखत्यारपत्र योग्य रीतीने झाले असे न्यायालयाने गृहीत धरावे, असे ८५ वे कलम सांगे. परदेशी राहून गावाकडची जमीन किंवा घर पाहणाऱ्या कुटुंबांसाठी हे कलम फार मोलाचे ठरले. परदेशात केलेला असा दस्त भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यावा लागतो. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने भारतीय राजदूत व कॉन्सल अधिकाऱ्यांना शपथ देण्याचे आणि नोटरीचे काम करण्याचे अधिकार मिळाले आणि १९५२ मध्ये स्वतंत्र नोटरी कायदा झाला. त्याच्या १४ व्या कलमात परदेशी नोटरीचे काम परस्परतेच्या तत्त्वावर मान्य करण्याची सोय आहे. पुरावा कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली.

साखळी तोडण्याचे काम हेगमध्ये झाले. डच कायदेपंडित टोबियास आसर यांच्या पुढाकाराने १८९३ मध्ये तिथे आंतरराष्ट्रीय खासगी कायद्याची पहिली परिषद भरली होती. त्यांना १९११ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात माणसांची ये-जा वाढली आणि लीगलायझेशनचा जाच असह्य होऊ लागला. परिषदेने हा विषय हाती घेतला आणि ५ ऑक्टोबर १९६१ रोजी करार तयार झाला. युगोस्लाव्हिया, ब्रिटन आणि फ्रान्स या तीन देशांच्या मान्यतेनंतर तो २४ जानेवारी १९६५ पासून अमलात आला.

कराराने सारी साखळी एका प्रमाणपत्रावर आणली. तेच अपोस्टिल. ज्या देशात कागद तयार झाला त्याच देशाच्या नेमलेल्या अधिकाऱ्याने ते द्यायचे आणि दुसऱ्या सदस्य देशाने वकिलातीचा शिक्का मागायचा नाही. अपोस्टिलचा नमुना करारातच दिलेला आहे. त्याचा आकार चौरस, बाजू किमान नऊ सेंटिमीटर, आणि शीर्षक कोणत्याही देशात फ्रेंचमध्येच. त्यात दहा क्रमांकित रकाने असतात. देश कोणता, सही कोणाची, कोणत्या अधिकाराने केलेली, शिक्का कोणाचा हे आधी येते. मग प्रमाणपत्र कुठे, केव्हा, कोणी दिले, क्रमांक काय, आणि शेवटी शिक्का व सही. वकिलातींनी स्वतः केलेले कागद आणि व्यापार वा जकातीशी थेट संबंधित प्रशासकीय कागद कराराबाहेर ठेवले आहेत. अपोस्टिलही मजकुराची हमी देत नाही. ते सही, अधिकार आणि शिक्का यांच्यापुरतेच बोलते.

करारातले सर्वांत दूरदृष्टीचे कलम सातवे म्हणावे लागेल. अपोस्टिल देणाऱ्या प्रत्येक कचेरीने त्यांची नोंदवही ठेवावी आणि कोणीही विचारले तर प्रमाणपत्रातला तपशील नोंदीशी जुळतो की नाही हे सांगावे, असे ते बजावते. दप्तराशी ताडून पाहण्याचा जुना उपाय यामुळे देशादेशांच्या व्यवहारात नियम म्हणून आला. टपालाच्या काळात ही सोय फारशी वापरली जात नसे. २००६ मध्ये हेग परिषदेने इलेक्ट्रॉनिक अपोस्टिल आणि ऑनलाइन नोंदवहीचा उपक्रम सुरू केला, तेव्हा या कलमाला खरे बळ आले.

प्रसार हळूहळू झाला. ब्रिटनने करार आपल्या वसाहतींनाही लावला होता. स्वतंत्र झाल्यावर मॉरिशससारख्या देशांनी तो पुढे चालू ठेवला. त्यामुळे कोकणातून गिरमिटावर गेलेल्यांचे वंशज राहतात तो मॉरिशस देश या व्यवस्थेत भारताच्या कितीतरी आधीपासून आहे. अमेरिका १९८१ मध्ये आली. सोव्हिएत संघ फुटल्यावर पूर्व युरोपातले अनेक देश आले आणि आज सदस्यसंख्या सव्वाशेच्या पुढे आहे.

भारताने २६ ऑक्टोबर २००४ रोजी करारात प्रवेश केला आणि १४ जुलै २००५ पासून तो भारतासाठी लागू झाला. तोवर आखाताकडे आणि पाश्चात्त्य देशांकडे नोकरीशिक्षणासाठी जाणाऱ्यांच्या दोन पिढ्या जुन्या साखळीतून गेल्या होत्या. मात्र करार तोडतो ती साखळीची परदेशातली कडी. देशातल्या कड्या कायम राहिल्या. जन्म-विवाहाचे दाखले आणि पदव्यांची प्रमाणपत्रे आधी राज्य सरकारच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडून आणि व्यापारी कागद चेंबर ऑफ कॉमर्सकडून प्रमाणित करून घ्यावे लागतात. त्यानंतरच परराष्ट्र मंत्रालय कागदाच्या मागे क्रमांक असलेला स्टिकर लावते. मंत्रालयाची अपोस्टिलची फी पन्नास रुपयेच आहे. माणसाचा खरा खर्च होतो तो आधीच्या पायऱ्यांवर, प्रवासावर आणि मध्यस्थांवर. हे काम बराच काळ दिल्लीतल्या पतियाळा हाउसशी बांधलेले होते. जानेवारी २०१९ पासून ते मुंबई आणि पणजीसह पंधरा शहरांत नेण्यात आले. त्याआधी मे २०१७ मध्ये ई-सनद ही सेवा सीबीएसईच्या कागदांपासून सुरू झाली होती. कागद देणाऱ्या संस्थेच्या साठ्यातूनच त्याची पडताळणी व्हावी, हा तिचा हेतू आहे.

पणजीचे त्या यादीत असणे गोव्यासाठी महत्त्वाचे आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलात जन्मलेल्या गोमंतकीयांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालच्या कायद्याने राष्ट्रीयत्वाचा दावा करता येतो. त्यासाठी जुन्या नागरी नोंदवहीतला जन्म लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कचेरीत चढवावा लागतो. पोर्तुगाल १९६९ पासून करारात आहे. एकेकाळी एकाच राज्याच्या दप्तरात असलेली नोंद आता दोन सार्वभौम देशांमधून जाते.

आखातात चित्र संमिश्र आहे. ओमान २०१२ पासून, बहरीन २०१३ च्या अखेरीपासून आणि सौदी अरेबिया डिसेंबर २०२२ पासून करारात आहेत. संयुक्त अरब अमिराती, कतार आणि कुवेत बाहेरच राहिल्यामुळे दुबईला जाणाऱ्या परिचारिकेच्या प्रमाणपत्राला अजून वकिलातीचा शिक्का लागतो. चीन नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि कॅनडा जानेवारी २०२४ मध्ये आला.

नव्याने येणाऱ्या देशाला जुना सदस्य सहा महिन्यांत हरकत घेऊ शकतो आणि मग त्या दोघांपुरता करार लागू होत नाही. भारताच्या प्रवेशाला बेल्जियम, जर्मनी, नेदरलँड्स, स्पेन आणि फिनलंड यांनी हरकत घेतली होती. इतरांनी ती पुढे मागे घेतली, जर्मनीने नाही. भारतीय कागदांचे लीगलायझेशनही जर्मन वकिलातींनी थांबवले आहे. जर्मनीतल्या कचेरीने विचारणा केली, तर वकिलात आपल्या विश्वासातल्या माणसांमार्फत दाखला देणाऱ्या कार्यालयात मूळ नोंद पाहून घेते आणि सापडलेली माहिती जर्मनीतल्या कचेरीला कळवते.