मूळ तारखेचा रकाना

कामाचा आढावा घेणे हे प्रशासनाचे नित्यकर्म असले, तरी आढाव्याच्या साधनांचा इतिहास आपल्याकडे सहसा लिहिला जात नाही. बैठकीत पडद्यावर झळकणाऱ्या त्या आडव्या पट्ट्या कोठून आल्या आणि त्या काय सांगत नाहीत, हे जाणून घेणे उपयोगाचे आहे.

म्हैसूरच्या चामराजपुरम भागात मुक्काम असताना मी कृष्णराजसागर धरणाचा कालक्रम एक्सेलमध्ये मांडून पाहिला. कनिष्ठ सहकाऱ्यांना आलेख शिकविण्यासाठी पूर्ण झालेल्या, पण सरळ मार्गाने न झालेल्या कामाचे उदाहरण मला हवे होते. कृती सोपी आहे. पहिल्या रकान्यात टप्प्याचे नाव, दुसऱ्यात आरंभाची तारीख, तिसऱ्यात लागलेले दिवस. त्यावरून एकापुढे एक जोडलेल्या आडव्या पट्ट्यांचा आलेख काढावा आणि आरंभतारखेच्या पट्टीचा रंग पुसून टाकावा, म्हणजे फक्त कामाचे दिवस दिसू लागतात. एक्सेलच्या लेखी तारीख ही निव्वळ संख्या असते; 1 जानेवारी 2000 म्हणजे 36526. ही मोजणी 1900 पासून सुरू होते. त्यामुळे चामराजपुरमवरून जाणारा म्हैसूर-नंजनगूड लोहमार्ग 1891 साली सुरू झाला, ही नोंद तारीख म्हणून तेथे चालत नाही. यंत्र तिला केवळ मजकूर समजते. उलट 29 फेब्रुवारी 1900 हा कधीच न उगवलेला दिवस मात्र ते निमूट मोजते. लोटस 1-2-3 या जुन्या प्रणालीतील चूक सुसंगतीसाठी जशीच्या तशी ठेवली गेली. असो.

या आलेखाला हेन्री गँट या अमेरिकी अभियंत्याचे नाव आहे. पोलंडच्या कारोल अदामियेत्स्की यांनी 1896 च्या सुमारास अशीच आकृती योजली होती, परंतु कीर्ती गँटकडे गेली. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या युद्धसामग्री विभागात ही पद्धत रुजली. 1919 मध्ये गँट निवर्तले आणि 1922 मध्ये वॉलेस क्लार्क यांनी तिच्यावर पुस्तक लिहिले. मूळ आकृतीचे मर्म असे की, कागदावरील एका चौकटीची रुंदी म्हणजे एक कालावधी आणि त्या कालावधीत ठरलेले कामही. चौकटीत ओढलेली रेघ प्रत्यक्ष झालेल्या कामाएवढीच लांब. रेघ तोकडी पडली, तर का पडली याचे अक्षर बाजूला: साहित्य नाही, माणसे नाहीत, दुरुस्ती चालू आहे. ठरलेले, झालेले आणि कारण अशी तिन्ही एकाच नजरेत यावीत, ही ती योजना. आपण संगणकावर काढतो ती बहुधा फक्त पहिल्याची रंगीत प्रत असते.

आता धरणाकडे वळू. 1884 पासून मुंबई इलाख्यात नाशिक, धुळे, पुणे येथे सेवा करून निवृत्त झालेले विश्वेश्वरय्या 1909 मध्ये म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. 1911 मध्ये धरणाचे काम सुरू झाले. मद्रास सरकारची संमती सुमारे 80 फूट उंचीच्या पहिल्या टप्प्यापुरती होती; पाया मात्र 124 फुटांच्या धरणास पुरेल असा घेतला जाऊ लागला. तंजावरच्या शेतीचे पाणी तुटेल, या भीतीने मद्रासने हरकत घेतली. प्रकरण लवादाकडे गेले. 1914 मध्ये ग्रिफिन यांचा निवाडा आला, त्यावरही मद्रासने दाद मागितली आणि अखेर 18 फेब्रुवारी 1924 रोजी करार झाला. धरण 1931 मध्ये पूर्णत्वास गेले. तोवर विश्वेश्वरय्यांना दिवाणपद सोडून तेरा वर्षे लोटली होती.

मी याचे दोन आलेख काढले. एकात आरंभ 1911, दुसऱ्यात 1924 चा करार. पहिल्यात धरणाला वीस वर्षे लागतात, दुसऱ्यात सात. दोन्हींतील प्रत्येक तारीख खरी आहे. पहिल्यात मात्र लवादाची लांबलचक पट्टी दिसते, आणि विलंबाचा मोठा भाग दगड-सुरखीच्या कामाचा नव्हे, दोन सरकारांमधील पत्रव्यवहाराचा होता, हे कळते. दुसऱ्या आलेखात ती पट्टीच उरत नाही.

आपल्याकडील सुप्रमा, अर्थात सुधारित प्रशासकीय मान्यता, नेमके हेच करू शकते. किंमत सुधारते, मुदत सुधारते आणि तक्त्यातील जुन्या तारखेवर नवी लिहिली जाते. गोसीखुर्दला 1983 मध्ये सुमारे 372 कोटींची मान्यता मिळाली, 1988 मध्ये पायाभरणी झाली, 2009 मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. खर्च पुढे कित्येक हजार कोटींवर गेला. ताज्या सुप्रमेपासून मोजले, तर असा प्रकल्प कागदोपत्री वेळेवरही दिसू शकेल. ज्या शेतकऱ्याची जमीन आरंभीच गेली, त्याची मोजणी मात्र पहिल्या तारखेपासूनच चालते. केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाने मोठ्या प्रकल्पांच्या अहवालांत मूळ आणि अद्ययावत अशा दोन्ही वेळापत्रकांनुसार विलंब दिला, ही मला त्या अहवालांतील सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते.

म्हणून मी तक्त्यात पाच रकाने आग्रहाने ठेवतो: मूळ तारीख, सुधारित तारीख, प्रत्यक्ष तारीख, झालेल्या कामाची टक्केवारी आणि कारण. मूळ तारखेची पट्टी राखाडी रंगात खाली, प्रत्यक्षाची गडद रंगात वर. मूळ तारखेचा रकाना संरक्षित करून त्याचा पासवर्ड प्रकल्प राबविणाऱ्या शाखेकडे न देता लेखाशाखेकडे द्यावा. कारणाच्या रकान्यात ‘प्रक्रिया सुरू आहे’ एवढाच शेरा स्वीकारू नये. भूसंपादन, वनमान्यता, निधी, निविदा यांपैकी काय, आणि कोणत्या टेबलावर किती दिवस, हे तेथे लिहावे लागते.