शुभवर्तमानाची माणसे

‘इव्हँजेलिकल’ हे नाव ‘शुभवर्तमान’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले. तरीही ते ऐकताच आपल्या धर्मग्रामांत कित्येकांच्या कपाळाला आठ्या पडतात.

२४ मे १७३८ रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरील सभेत जॉन वेस्ली या अँग्लिकन धर्मगुरूंना ख्रिस्ताने आपलीही पापे हरण केली, अशी खात्री पटली. त्या काळी उसळलेल्या या प्रवाहाची चार लक्षणे इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी १९८९ साली सांगितली : मनपरिवर्तन, बायबल, क्रूस आणि कृती. कृतीची साक्ष विल्यम विल्बरफोर्स देतात. १७८५ च्या सुमारास मन पालटलेले हे खासदार गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झगडले आणि १८०७ साली ब्रिटिश संसदेने तो व्यापार बंद केला.

पोप, संस्कार व परंपरा यांबाबतचे मतभेद खरे आहेत. ते झाकून ऐक्य साधत नाही. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली अशा ख्रिस्ती जनांना ‘विभक्त बंधू’ म्हटले. बंधूचा प्रश्न ऐकावा लागतो. बाप्तिस्म्याच्या वेळी आईवडिलांनी आपल्या वतीने दिलेला होकार दृढीकरणाच्या दिवशी आपण मनापासून दिला होता, की केवळ ओठांनी?