कायाक-नौकाविहार

दुपाती वल्ह्याने चालविण्याच्या अरुंद, आच्छादित व हलक्या नौकेतून केला जाणारा जलप्रवास अथवा क्रीडा. कायाक हे मूळचे उत्तर ध्रुवीय प्रदेशातील शिकारीचे साधन. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते यूरोपात छंदाचे साधन बनले. मूळ परंपरेत ही विद्या बालपणापासून अंगवळणी पाडावी लागे. यूरोपात मात्र तिचा प्रसार अन्य व्यवसायांत स्थिरावलेल्या प्रौढ हौशी लोकांकडून झाला. या क्रीडेचे गुण व तिच्यातील दीर्घकाळ राहिलेली उणीव या दोहोंचे मूळ याच फरकात आहे.

मूळ परंपरा : ग्रीनलंड, कॅनडाचा उत्तर भाग व अलास्का येथील इन्युइट आणि अल्यूशन बेटांवरील अल्यूट लोक कायाक वापरीत. वाहून आलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा बांधून त्यावर स्त्रिया सील वा तत्सम प्राण्यांची कातडी शिवून ताणून बसवीत. नौकेची मापे वापरणाऱ्याच्या शरीरावरून ठरत. बसण्याच्या भोकाभोवती कातडी अंगरखा घट्ट बांधला, की माणूस व नौका जणू एकच होत. बर्फाळ पाण्यात नौका पालथी झाल्यास बाहेर पडणे म्हणजे बहुधा मृत्यूच. म्हणून आत बसूनच वल्ह्याच्या साहाय्याने गिरकी घेऊन ती पुन्हा सरळ करण्याचे कसब महत्त्वाचे असे. मुलांना त्याचे धडे लहान वयातच मिळत.

मॅग्रेगरचे कार्य : यूरोपातील कायाकविहाराचा आरंभ जॉन मॅग्रेगर (१८२५–९२) या स्कॉटिश वंशाच्या इंग्रज बॅरिस्टरापासून मानतात. त्याचे वडील सेनाधिकारी होते. बंगालकडे निघालेल्या ‘केंट’ या जहाजाला १ मार्च १८२५ रोजी बिस्केच्या उपसागरात आग लागली, तेव्हा त्यातून वाचलेल्यांत काही आठवड्यांचा मॅग्रेगर होता. केंब्रिज येथे शिक्षण घेऊन त्याने १८५१ मध्ये वकिलीची सनद मिळविली. १८५९ मध्ये उत्तर अमेरिकेच्या प्रवासात त्याने तेथील नौका पाहिल्या. चाळिसाव्या वर्षी, १८६५ मध्ये, त्याने लंडनमध्ये स्वतःसाठी एक नौका बांधून घेतली व स्कॉटलंडच्या इतिहासातील आपल्या कुळातील प्रसिद्ध पुरुषावरून तिला ‘रॉब रॉय’ हे नाव दिले.

ही नौका ओक लाकडाची असून वरचे आच्छादन देवदारवर्गीय लाकडाचे होते. तिची लांबी ४·५७ मी., रुंदी सु. ७१ सेंमी., खोली सु. २३ सेंमी. व वजन सु. ३६ किग्रॅ. होते. दुपाती वल्हे व आच्छादन ही कायाकची लक्षणे तिच्यात होती. शिवाय लहानसे शीडही होते. नेहमीच्या वल्ह्याच्या होडीत वल्हविणारा पाठमोरा बसतो. येथे तो पुढे पाहत बसतो, हा या नौकेचा मोठा लाभ मॅग्रेगरने सांगितला. उथळ पाणी, बांध किंवा डोंगर आडवा आल्यास ती उचलून, बैलगाडीवर वा आगगाडीत घालून नेता येई.

१८६५ च्या उन्हाळ्यात त्याने टेम्स, म्यूज, ऱ्हाईन, माइन, डॅन्यूब, रॉइस, मोझेल, मार्न, सेन इ. नद्या व स्वित्झर्लंडमधील काही सरोवरे यांतून एकट्याने प्रवास केला. सोबत सु. ४ किग्रॅ. वजनाची एकच पिशवी होती. परिचित यूरोप नदीच्या पातळीवरून पाहिल्यास अगदी नवा भासतो, हा या प्रवासाच्या वृत्तांताचा मुख्य आशय होता. १८६६ मध्ये ते पुस्तक प्रसिद्ध होताच अत्यंत लोकप्रिय झाले. नंतर त्याने बाल्टिक परिसर (१८६६) व ईजिप्त-पॅलेस्टाइन (१८६८–६९) येथेही असेच प्रवास केले.

संस्था व प्रसार : मॅग्रेगरच्या पुढाकाराने १८६६ मध्ये इंग्लंडमध्ये ‘कनू क्लब’ ही संस्था स्थापन झाली, १८७३ मध्ये तिला ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. न्यूयॉर्क येथे १८७१ मध्ये असाच क्लब निघाला. रॉबर्ट लूई स्टीव्हन्सनने १८७६ मध्ये बेल्जियम व फ्रान्समधील जलमार्गांवर याच प्रकारच्या नौकेतून प्रवास केला. मात्र लाकडी नौका बाळगणे सुखवस्तू लोकांनाच परवडे. १९०५ मध्ये आल्फ्रेट हॉइरिख या जर्मन विद्यार्थ्याने घडी घालता येणारी कायाक तयार केली. योहान क्लेपरने तिचे व्यापारी उत्पादन केले. ती पिशवीत घालून आगगाडीने नेता येत असल्याने मध्य यूरोपातील शहरवासीयांना सुटीच्या दिवशी नदी गाठणे सुलभ झाले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिक सामन्यांपासून कायाक-शर्यतींना पदकांचा दर्जा मिळाला.

कौशल्याची उणीव : रॉब रॉय मूळ कायाकपेक्षा रुंद व स्थिर होती, त्यामुळे नौकेचा आकार यूरोपात आला, तरी गिरकीचे कसब मागेच राहिले. १९२७ मध्ये एडी पाव्हलाटा या ऑस्ट्रियनाने केवळ ग्रंथांतील वर्णनांवरून ते आत्मसात केले. जीनो वॉटकिन्स या इंग्रज समन्वेषकाने १९३०–३१ च्या ग्रीनलंड मोहिमेत ते स्थानिक शिकाऱ्यांकडूनच शिकून घेतले. तथापि ऑगस्ट १९३२ मध्ये सीलच्या शिकारीस एकटाच गेला असता वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो नाहीसा झाला. त्याची रिकामी कायाक तरंगताना आढळली. छंद म्हणून शिकलेली विद्या व उपजीविकेची विद्या यांतील अंतर या घटनेतून जाणवते.

विसाव्या शतकात मोटारनौकांचा प्रसार व मासेमारीकडे वळलेले अर्थव्यवहार यांमुळे खुद्द ग्रीनलंडमध्येच कायाकचा वापर झपाट्याने घटला. १९८० नंतरच्या दशकात तेथील तरुणांनी संघटना स्थापून वृद्ध शिकाऱ्यांकडून ही विद्या पुन्हा शिकण्यास प्रारंभ केला. पुढे परदेशी हौशी लोकही त्यांच्याकडे शिकण्यास येऊ लागले.

प्रौढ वयात या छंदाकडे वळण्याची परंपरा नंतरही चालू राहिली. पोलंडचा अभियंता अलेक्सांडर डोबा (१९४६–२०२१) तिशी उलटल्यावर कायाककडे वळला. त्याने २०१०–११ मध्ये सेनेगल ते ब्राझील हा अटलांटिक प्रवास एकट्याने केला व २०१७ मध्ये, वयाला ७१ वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास, याच महासागराचे तिसरे पारगमन पूर्ण केले. शक्तीपेक्षा सातत्य, वेगापेक्षा निरीक्षण आणि मोजके सामान यांवर भर देणारी ही क्रीडा प्रौढांना विशेष मानवते, हे मॅग्रेगरपासून डोबापर्यंतच्या उदाहरणांवरून दिसून येते. मात्र पाण्याची शिस्त तिच्यात उशिरा येणाऱ्यालाही तितक्याच काटेकोरपणे पाळावी लागते.