शेजाऱ्याचा शब्द

मागच्या वेळी आपण अर्नेटपाशी थांबलो होतो. 1986 साली सुरू झालेलं हे शिक्षण-संशोधनाचं जाळं. पुण्यात त्याचं केंद्र आयुकामध्ये होतं. आता प्रश्न असा, की अशा जाळ्यात राउटरला पुढची वाट कळते कशी?

एक रीत म्हणजे माणसाने प्रत्येक वाट हाताने लिहायची. तार तुटली, की पुन्हा लिहा! म्हणून राउटरच एकमेकांना विचारू लागले. 1988 साली लेखी नियम झालेल्या ‘रिप’मध्ये राउटर दर 30 सेकंदांनी आपली यादी शेजाऱ्याला सांगतो. सांगणारा कोण, हे तपासायची सोय त्यात नव्हती. ती 1993 च्या दुसऱ्या आवृत्तीत आली.

आम्ही तत्त्वज्ञानवाले याला शब्दप्रमाण म्हणतो. पण नैयायिकांची अट आहे, सांगणारा आप्त हवा, म्हणजे जाणकार आणि खरं बोलणारा. अट सुटली की काय होतं? 24 फेब्रुवारी 2008 रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरतं यूट्यूब अडवण्यासाठी एक खोटी वाट जाहीर केली. तिथला नियम वेगळा, बीजीपी; पण भरवसा तसाच. ती वाट देशाबाहेर गेली, इतरांनी मानली, आणि सुमारे दोन तास जगात ठिकठिकाणी यूट्यूब दिसेना.

तेव्हा राउटरवर चार आज्ञा लिहिणं सोपं आहे. कुणाचा शब्द मानायचा, हे मात्र यंत्र ठरवत नाही. ते आपल्यालाच लिहावं लागतं.