गिगाहर्ट्‌झचा ताप

प्रोसेसरच्या इतिहासात मी २००४ या सालापाशी पुन्हा पुन्हा येतो. त्या वर्षी इंटेलला स्वतःच फुगवलेल्या एका आकड्यापुढे हात टेकावे लागले.

तो आकडा गिगाहर्ट्‌झचा. नोव्हेंबर २००० मध्ये पेंटियम ४ आला तो १.४ आणि १.५ गिगाहर्ट्‌झचा. गिऱ्हाईक हा आकडा पाहून वेग ठरवी. मीही त्यातलाच. तो आकडा कसा कमावला होता, हे मला फार उशिरा, जुनी तांत्रिक पत्रके चाळताना उमगले.

विटा हातोहात देणारी माणसांची रांग डोळ्यांपुढे आणा. माणसे वाढवली की प्रत्येकाचे काम घटते, विटा भराभर सरकतात. पेंटियम ४च्या रांगेत २० टप्पे होते. फेब्रुवारी २००४ च्या ‘प्रेस्कॉट’मध्ये ते ३१ झाले. पण प्रोसेसर ‘जर-तर’चे उत्तर आधीच अंदाजाने धरून चालतो. अंदाज चुकला, की रांगेतल्या विटा टाकून नव्याने सुरुवात. खेळांत तर असे जर-तर पावलोपावली: शत्रूने पाहिले का, गोळी लागली का. त्यामुळे तेवढ्याच गिगाहर्ट्‌झचा जुना पेंटियम ४ पुष्कळदा नव्याला हार जात नसे.

आणि उष्णता? खर्च होणारी वीज वारंवारितेच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ट्रान्झिस्टर लहान केला तर व्होल्टेजही उतरवता येते, हे रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली मांडले होते. त्या आधारावर उद्योग तीस वर्षे निर्धास्त राहिला. प्रेस्कॉटमध्ये मात्र विद्युतरोधक थर १.२ नॅनोमीटरचा, म्हणजे जेमतेम काही अणूंचा झाला. वीज नुसतीच झिरपू लागली. खर्च शंभर वॉटच्या पलीकडे गेला. घरातला शंभराचा दिवा जणू अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत पेटवलेला! याच दिशेने गेलो तर चिप अणुभट्टीइतकी तापेल, असे इंटेलच्याच पॅट गेल्सिंगर यांनी २००१ मध्ये जाहीर परिषदेत बजावले होते. घरच्या माणसाचे कोण ऐकतो?

मे २००४ मध्ये पुढचा ‘तेजस’ प्रोसेसर रद्द झाला. ऑक्टोबरात ४ गिगाहर्ट्‌झचे वचनही मागे घेतले गेले आणि प्रमुख क्रेग बॅरेट यांनी भर सभेत, थोडे गमतीने का होईना, गुडघे टेकून माफी मागितली.

वाट सापडली ती इस्राएलमधल्या हैफाच्या चमूच्या कामात. लॅपटॉपची बॅटरी पुरवून वापरायची, या काटकसरीतून त्यांनी २००३ मध्ये पेंटियम एम घडवला होता. त्याच वळणाचा कोअर २ ड्युओ जुलै २००६ मध्ये डेस्कटॉपवर आला. २.४ गिगाहर्ट्‌झ आणि ६५ वॉटच्या प्रोसेसरने खेळांत ३.८ गिगाहर्ट्‌झच्या पेंटियमला मागे टाकले.

तरी आकड्याचा मोह सुटला असे नाही. जानेवारी २०२३ मध्ये इंटेलने ६ गिगाहर्ट्‌झ गाठले. एप्रिलमध्ये एएमडीचा रायझन ७ ७८००एक्स३डी आला. हा ५ गिगाहर्ट्‌झवर थांबणारा, पण ९६ मेगाबाइटची कॅश स्मृती अगदी हाताशी बाळगणारा. बहुतेक खेळांत तो इंटेलच्या बरोबरीने किंवा पुढेच राहिला, आणि वीज खाल्ली सहसा शंभर वॉटच्या आतच.