योसेफ क्रिप्स : जेव्हा व्हिएन्नात कंडक्टरच उरले नव्हते

दर वर्षी १ जानेवारीला व्हिएन्नाहून एक कार्यक्रम जगभर दाखवला जातो. सोनेरी सभागृह, फुलांची आरास, व्हिएन्ना फिलहार्मोनिकचे वादक, योहान स्ट्राउसचे वॉल्ट्झ आणि शेवटी टाळ्यांनी ठेका धरणारे प्रेक्षक. यूट्यूबवर कधीतरी त्याची क्लिप तुमच्यासमोर आलीच असेल. मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी हा कार्यक्रम पाच वेळा केलाय.

एवढा गोडगोड कार्यक्रम, पण त्याची सुरुवात कधी झाली माहितीये? ३१ डिसेंबर १९३९. ऑस्ट्रिया नावाचा देश तेव्हा नकाशावरच नव्हता, हिटलरने तो १९३८ च्या मार्चमध्येच गिळला होता. पहिल्या कार्यक्रमाचे पैसे नाझींच्या हिवाळी मदत निधीत गेले. कंडक्टर होता क्लेमेन्स क्राउस. आता या कार्यक्रमाच्या कंडक्टरांची यादी काढून बघा. १९४५ पर्यंत क्राउस. १९४८ पासून १९५४ पर्यंत परत क्राउस. आणि मध्ये, १९४६ आणि १९४७ या दोनच वर्षांसमोर, एक वेगळं नाव : योसेफ क्रिप्स.

आजची गोष्ट या दोन वर्षांच्या माणसाची.

आधी एक खुलासा. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीतला हिंदी गाण्यांचा कार्यक्रम आठवतो आणि कंडक्टर म्हटलं की एसटी. इथे ऑर्केस्ट्रा म्हणजे शंभरएक वादक, आणि कंडक्टर म्हणजे त्यांच्यासमोर हातात काडी घेऊन उभा राहणारा माणूस. तो स्वतः एकही सूर वाजवत नाही. पण कुणी कधी, किती जोरात, किती वेगात वाजवायचं हे सगळं तोच ठरवतो. ऑपेरा असेल तर रंगमंचावरचे गायकही त्याच्याकडे बघूनच गातात.

क्रिप्सचा जन्म ८ एप्रिल १९०२ चा, व्हिएन्नातलाच. लहानपणी चर्चच्या गायनवृंदात गायचा. सोळाव्या वर्षी शहराच्या फोल्क्सओपर या नाट्यगृहात व्हायोलिन वाजवायला लागला. तिथे फेलिक्स वाइनगार्टनर या मोठ्या कंडक्टरने त्याला हेरलं आणि हाताखाली घेतलं. पुढची वर्षं भरभर सांगतो : जर्मनीत डॉर्टमुंड, मग कार्ल्सरूहे, तिथे चोविसाव्या वर्षीच संगीत विभागाचा प्रमुख. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि क्रिप्स व्हिएन्नाला परतला. स्टेट ऑपेरात कंडक्टर, नंतर संगीत अकादमीत प्राध्यापक. सगळं छान चाललं होतं.

मग १९३८ उजाडलं. क्रिप्स कॅथलिक होता, कॅथलिक म्हणूनच वाढला होता. पण त्याचे वडील जन्माने ज्यू होते. नवीन कायद्यापुढे चर्च, बाप्तिस्मा, कशालाच अर्थ नव्हता, आजी-आजोबा कोण एवढंच विचारलं जायचं. नोकरी गेली. भाऊ हेन्री, तोही कंडक्टर, ऑस्ट्रेलियाला निघून गेला आणि तिथेच मोठा झाला. योसेफ गेला बेलग्रेडला. तिथल्या ऑपेरात आणि फिलहार्मोनिकमध्ये जेमतेम वर्षभर काम मिळालं, मग तेही संपलं. युद्धाची उरलेली वर्षं या माणसाने खाद्यपदार्थांच्या एका कारखान्यात काढली.

इथे एक गंमत सांगतो, कडू गंमत आहे. ज्या योहान स्ट्राउसचे वॉल्ट्झ नाझी मोठ्या थाटात वाजवत होते, त्याचे पणजोबासुद्धा ज्यू होते, नंतर ख्रिस्ती झालेले. चर्चच्या जुन्या नोंदवहीत ते चक्क लिहिलेलं होतं. मग नाझींनी काय केलं? १९४१ मध्ये ती नोंदवहीच ताब्यात घेतली आणि खोटी प्रत बनवून ठेवली. म्हणजे कागद बदलता येतो हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. मेलेल्या, लोकप्रिय स्ट्राउससाठी त्यांनी तो बदलला. जिवंत क्रिप्ससाठी कोण बदलणार!

आणि तो ऑर्केस्ट्रा? १९४२ मध्ये व्हिएन्ना फिलहार्मोनिकच्या १२३ वादकांपैकी ६० जण नाझी पक्षाचे सदस्य होते. दुसरीकडे ज्यू म्हणून हाकललेल्या किंवा छळलेल्या सदस्यांपैकी सात जण मेले, त्यातले पाच छळछावण्यांमध्ये. शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसून वर्षानुवर्षं एकत्र वाजवलेली माणसं होती ही.

१२ मार्च १९४५. अमेरिकी विमानांच्या बॉम्बफेकीत स्टेट ऑपेरा जळाला. दर्शनी भाग आणि मोठा जिना तेवढा उरला. रंगमंच, प्रेक्षागृह, पडदे, हजारो पोशाख, सगळं राख. महिन्याभरात रशियन फौजांनी शहर घेतलं. लोकांना खायला अन्न नाही, अशा वेळी ऑपेरा कुणाला सुचतो? व्हिएन्नाला सुचला. १ मे १९४५ ला स्टेट ऑपेराच्या मंडळींनी फोल्क्सओपरमध्ये मोझार्टचं 'फिगारोचं लग्न' उभं केलं. तारीख नीट बघा, हिटलरने आदल्याच दिवशी आत्महत्या केली होती आणि युद्ध अजून अधिकृतपणे संपलेलंही नव्हतं. समोर काडी घेऊन उभा होता कारखान्यातून आलेला क्रिप्स. त्याच प्रयोगात सेना युरिनाच या तरुण गायिकेने केरुबिनोच्या भूमिकेतून व्हिएन्नात पदार्पण केलं. पुढे ती जगभर गाजली.

क्रिप्सच का? कारण बाकीच्यांवर बंदी आली. कारायान नाझी पक्षाचा सदस्य होता, बंदी. क्राउसवर बंदी. फुर्टवेंग्लरवर बंदी. कार्ल ब्योम पक्षात नव्हता, पण १९३३ मध्ये नाझींनी फ्रिट्झ बुशला ड्रेस्डेनमधून हुसकावलं, त्यानंतर १९३४ मध्ये त्या खुर्चीवर जाऊन बसला होता आणि १९४३ पासून स्टेट ऑपेराचा संचालक होता. त्याच्यावरही बंदी. ज्याला सात वर्षांपूर्वी 'तू चालत नाहीस' म्हणून काढलं, तोच आता एकटा चालत होता.

६ ऑक्टोबर १९४५ ला थिएटर आन डेअर वीन या जुन्या नाट्यगृहात क्रिप्सने बेथोव्हेनचा 'फिडेलिओ' केला. नवऱ्याला राजकीय कैदेतून सोडवायला पुरुषाचा वेश घेऊन तुरुंगात शिरलेल्या बाईची ही गोष्ट. त्यात एक प्रसंग आहे, कैद्यांना थोडा वेळ उजेडात सोडतात आणि ते बिचकत बिचकत गायला लागतात. या ऑपेराचा पहिला प्रयोग १८०५ मध्ये याच नाट्यगृहात झाला होता, आणि तेव्हाही शहरात परक्या फौजा होत्या, नेपोलियनच्या. १९४५ च्या प्रेक्षकांना तो कैद्यांचा प्रसंग कसा वाटला असेल याची कल्पना तुम्हीच करा.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावते ती पुढची गोष्ट. क्रिप्सने सूड उगवला नाही. त्याच्यासमोर वाजवणाऱ्यांत कालपर्यंत पक्षाचं कार्ड बाळगणारे लोक होते. एलिझाबेथ श्वार्त्सकोप्फ ही गायिकाही त्यातलीच. त्यांनाच घेऊन त्याने मोझार्ट गाणारा असा संच घडवला की आजही लोक त्याचं नाव काढतात. हे मोठं मन होतं की दुसरा पर्यायच नव्हता? मला वाटतं दोन्ही. वादक बदलायचे म्हटले असते तर ऑर्केस्ट्राच उरला नसता.

१९४७ च्या सप्टेंबरमध्ये हा संच लंडनला गेला. तिथे रिचर्ड टाउबर राहत होता, ऑस्ट्रियाचा लाडका गायक, ज्यू वंशाचा म्हणून परागंदा झालेला. त्याला फुप्फुसाचा कॅन्सर होता. जुन्या सहकाऱ्यांबरोबर एकदा गायचं म्हणून तो 'डॉन जोव्हानी'मध्ये उभा राहिला आणि एकाच चालत्या फुप्फुसावर गायला. क्रिप्स कंडक्टर. काही दिवसांतच त्याचं ऑपरेशन झालं आणि पुढच्या जानेवारीत तो गेला. त्या प्रयोगाच्या ध्वनिमुद्रणाचे तुकडे उरले आहेत. शोधा आणि हेडफोन लावून ऐका.

तोवर बाकीच्यांवरच्या बंद्या उठल्या होत्या. १९४८ च्या नववर्षाला व्यासपीठावर परत क्राउस. १९५० मध्ये क्रिप्स लंडन सिम्फनीचा प्रमुख कंडक्टर झाला. त्याच वर्षी अमेरिकेला गेला, तर तिथल्या अधिकाऱ्यांनी त्याला एलिस बेटावर अडकवून ठेवलं. गुन्हा काय? १९४७ मध्ये मॉस्कोत जाऊन कार्यक्रम केला होता. म्हणजे नाझींना तो ज्यू वाटला आणि अमेरिकनांना कम्युनिस्ट! दोन दिवसांनी बिचारा परत फिरला. पण पुढे त्याच अमेरिकेत त्याने सोळा वर्षं काम केलं, १९५४ पासून बफेलो, मग १९६३ ते १९७० सॅन फ्रान्सिस्को.

५ नोव्हेंबर १९५५. परदेशी फौजा ऑस्ट्रिया सोडून गेल्या होत्या, स्टेट ऑपेरा नव्याने बांधून झाला होता. उद्घाटनाला ऑपेरा कोणता? 'फिडेलिओ'च. आणि कंडक्टर? कार्ल ब्योम. इमारत जळाली तेव्हा जो संचालक होता, तोच आता परत संचालक होता. ब्योम सुमार होता असं कुणी म्हणणार नाही, कमालीचा कंडक्टर होता. तरीही त्या संध्याकाळी क्रिप्सचं नाव का नव्हतं हे मला आजवर पटलेलं नाही.

योगायोग बघा, त्याच वर्षीच्या जूनमध्ये क्रिप्सने व्हिएन्नात, त्याच व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर, 'डॉन जोव्हानी' ध्वनिमुद्रित केला. चेझारे सिएपी नायक. जवळजवळ सत्तर वर्षं झाली, पण लोक अजून तोच लावतात. क्रिप्सचा मोझार्ट अंगावर येत नाही. कुठे घाई नाही, कुठे दाखवेगिरी नाही. गायकाला श्वास घ्यायला जागा मिळते. कारायानच्या चकचकीत आवाजाची सवय असेल तर पहिली दहा मिनिटं जरा साधं वाटेल. थांबा, पुढे ऐका. त्यानंतर हवं तर १९६० मध्ये लंडन सिम्फनीबरोबर केलेल्या बेथोव्हेनच्या नऊ सिम्फनी लावा, आणि मग अॅमस्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाउ ऑर्केस्ट्राबरोबरच्या मोझार्टच्या सिम्फनी. या शेवटच्या त्याने सत्तरी ओलांडताना केल्या. १३ ऑक्टोबर १९७४ ला जिनिव्हात तो वारला.